लिओनार्दोचा अर्ज

‘अर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अर्ज म्हणजे विनंती. पण नुसत्या विनवणीने नोकरी मिळत नाही. १४८२ च्या सुमारास, तिशीच्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी अर्ज तयार केला. पदवी नव्हती. इटलीतली राज्ये आपसांत लढत होती, म्हणून त्याने हलके पूल, तोफा, चिलखती गाड्या असे मुद्दे क्रमवार मांडले. चित्रकला मात्र शेवटाकडे, एका वाक्यापुरती! शंका असेल तर प्रात्यक्षिक दाखवतो, हेही लिहिले. पुढे लुदोविकोनेच त्याच्याकडून ‘द लास्ट सपर’ रंगवून घेतले. पदवीवाचून खचलेल्या तरुणांनी ध्यानात घ्यावे : बायोडेटात आधी समोरच्याची गरज, मग आपली कला.