रोजची भाकर (ख्रिस्ती संकल्पना)

रोजची भाकर ही ख्रिस्ती धर्मातील एक संकल्पना आहे. शरीराप्रमाणे आत्म्यालाही दररोज अन्न लागते, ते देवाकडून मिळते आणि एकदाच घेऊन पुढील दिवसांसाठी साठवून ठेवता येत नाही, असा तिचा आशय आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय ६:९-१३, लूक ११:२-४) भाकरीसाठी जी विनंती आहे, तिच्यावरून हे नाव रूढ झाले. ही भाकर शारीरिक की आत्मिक, हा प्रश्न प्राचीन काळापासून चर्चिला गेला आहे.

जुन्या करारातील पार्श्वभूमी

ह्या संकल्पनेचे मूळ निर्गम ग्रंथाच्या १६ व्या अध्यायातील मान्नाच्या कथेत आढळते. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी असताना दररोज सकाळी जमिनीवर मान्ना पडलेला आढळे. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे एका दिवसाच्या गरजेपुरता, गोळा करावा अशी आज्ञा होती. काहींनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तेव्हा त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्यास मुभा होती व तो नासत नसे. अनुवाद ग्रंथात (८:३) ह्या प्रसंगाचा अर्थ सांगितला आहे. त्यानुसार माणूस केवळ अन्नावर नव्हे, तर देवाच्या वचनावर जगतो, हे शिकवण्यासाठी ती भूक व तो मान्ना होता. रानातील परीक्षेच्या वेळी येशूने ह्याच वचनाचा आधार घेतल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात नमूद आहे.

नवा करार व शब्दार्थ

प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला ‘एपिऊसिओस’ हे ग्रीक विशेषण लावलेले आहे. हा शब्द शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा, असे तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन ह्यांचे मत होते. त्याचे ‘आजच्यापुरती’, ‘उद्याची’ आणि ‘अस्तित्वासाठी आवश्यक’ असे निरनिराळे अर्थ लावले जातात. संत जेरोम ह्यांच्या लॅटिन भाषांतरात लूकमध्ये ‘दररोजची’ असा, तर मत्तयामध्ये ‘द्रव्यातीत’ असा अर्थ देणारा शब्द आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशू मान्नाचा उल्लेख करून स्वतःलाच जीवनाची भाकर म्हणतो.

विविध परंपरांतील अर्थ

संत ऑगस्टिन ह्यांनी ह्या भाकरीचे तीन अर्थ मांडले: शरीराच्या गरजा, प्रभुभोजनाचा संस्कार आणि देवाचे वचन. मार्टिन ल्यूथर ह्यांनी १५२९ च्या ‘लघु प्रश्नोत्तरी’त शारीरिक अर्थावर भर दिला व अन्नवस्त्राबरोबर चांगले शासन, अनुकूल हवामान आणि विश्वासू शेजारी ह्यांचाही त्यात समावेश केला.

उपासनेतही हा भेद दिसतो. कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस ह्यांच्या कारकिर्दीत १९०५ साली निघालेल्या फर्मानाने वारंवार, शक्यतो दररोज, ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले. प्रोटेस्टंट परंपरेत दररोजचे बायबलवाचन व प्रार्थना ह्यांना महत्त्व आले. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळीने १७२८ मध्ये प्रत्येक दिवसासाठी एक वचन देण्याचा प्रघात सुरू केला. १७३१ पासून ही वचने पुस्तकरूपाने प्रसिद्ध होत आहेत.

जॉर्ज म्यूलर

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) ह्यांच्या जीवनात दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. कोणाकडेही देणगी न मागता केवळ प्रार्थनेवर विसंबून त्यांनी १०,००० हून अधिक मुलांचा सांभाळ केला. १८४१ मध्ये त्यांनी आपल्या दिनक्रमातील एका बदलाची नोंद केली. पूर्वी ते सकाळी उठल्यावर प्रार्थनेला लागत. पुढे ते आधी वचनाचे मनन करू लागले. इतरांच्या सेवेपूर्वी स्वतःच्या अंतरात्म्याचे पोषण झाले पाहिजे, हे त्यामागील कारण होते.

महाराष्ट्रातील संदर्भ

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनात म्यूलर ह्यांच्या चरित्राच्या वाचनाचा उल्लेख केला आहे. त्यांच्या कार्याला साहाय्य करण्यासाठी बॉस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपत आली असतानाच १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. केडगाव येथील मुक्ती सदनात त्यांच्या अन्नाचा प्रश्न दररोजचा होता. रमाबाईंनी त्यासाठी प्रार्थनेचा आधार घेतला. त्याचबरोबर शेती, विणकाम व छपाई हे उद्योगही तेथे चालत. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यात छापले गेले.

मराठी बायबलमध्ये ह्या संदर्भात ‘भाकर’ हाच शब्द रूढ आहे. मराठीत तो अन्नाबरोबर उपजीविकेचाही वाचक असल्याने मूळ विनंतीचे दोन्ही अर्थ त्यात सामावतात.

आक्षेप व स्पष्टीकरण

देवावर विसंबण्याने आळस वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. त्याच्या उत्तरादाखल, काम करण्यास नाकारणाऱ्याने खाऊही नये, ह्या पौलाच्या सूचनेकडे (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०) लक्ष वेधले जाते. मान्नाच्या कथेतही तो गोळा करण्याचे श्रम लोकांनाच करावे लागत. दुसरा आक्षेप असा, की आत्मिक अर्थावर भर दिल्यास भुकेल्यांची उपेक्षा होते. याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) अन्नहीन बंधूला केवळ शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्यांवर टीका आहे. शिवाय प्रभूच्या प्रार्थनेत भाकर अनेकवचनात, सर्वांसाठी मागितली आहे. त्यामुळे ती एकट्याने मागता येत नाही आणि एकट्याने राखूनही ठेवता येत नाही, असे भाष्यकार सांगतात.