पेठेतले दोन भाऊ आणि फ्लॉपीतली कीड

१/ पुण्याची मंडई १८८६ साली खुली झाली. तेथे वांगे दाबून आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहिल्यावाचून कोणी पैसे काढत नाही. मात्र १९९० च्या सुमारास शहरात असा एक जिन्नस हातोहाती फिरू लागला, ज्यातली कीड डोळ्यांना दिसतच नव्हती. तो जिन्नस म्हणजे संगणकाची फ्लॉपी.

२/ या किडीचा माग लाहोरपर्यंत जातो. १९८६ साली तेथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ हा व्हायरस लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल रोखणे हा हेतू असल्याचे ते सांगत. त्यांनी त्यात स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो.

३/ ब्रेन फ्लॉपीच्या ‘बूट सेक्टर’मध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात दडून बसे. १९९१ साली उजेडात आलेल्या ‘मायकेलँजेलो’ने हीच जागा धरली, पण त्याचा स्वभाव घातकी होता. दर ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिनी, तो डिस्कवरील माहिती पुसून टाकत असे.

४/ त्याच काळात मंडईपासून थोड्याच अंतरावर, मंगळवार पेठेत, कैलाश काटकर यांचे दुरुस्तीचे दुकान होते. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. हात मात्र कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीवर बसलेला. पुढे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. त्यांतील कित्येकांचे यंत्र ठणठणीत असे. रोग सॉफ्टवेअरमध्ये असे.

५/ धाकटे बंधू संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलँजेलोवर उतारा लिहिला. हा व्हायरस मूळ बूट सेक्टर डिस्कवरच अन्यत्र हलवून स्वतः त्याच्या जागी बसतो. तो सेक्टर शोधून स्वस्थानी आणला, की डिस्क पुसावी न लागता संगणक पूर्ववत होतो. मात्र हे ६ मार्चपूर्वी व्हायला हवे!

६/ दर नव्या व्हायरसला नवा उतारा लागे. त्यातून काटकर बंधूंचे ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभे राहिले. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. एका शहरातील दोन भावांनी रोग सोडला, दुसऱ्या शहरातील दोघांनी औषधाचा धंदा उभारला. इतिहासात असे योग विरळाच.

७/ पण तोवर रोगाचा हेतूच पालटला होता. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्यातील १९०६ सालच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर मालवेअरचा घाला पडला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेऐवजी बनावट यंत्रणा ‘होय’ म्हणू लागली आणि काही तासांत २८ देशांतून रोकड काढली गेली. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवण्यात आली. एकूण ९४ कोटींहून अधिक!

८/ २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या घाल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. लाहोरच्या व्हायरसवर पत्ता लिहिलेला होता. येथे खरे सूत्रधार पडद्याआडच राहिले.

९/ फ्लॉपी गेली. कीड आता अनोळखी लिंकमधून, फुकटच्या अ‍ॅपमधून येते. डोळ्यांनी ती आजही दिसत नाही. म्हणून अ‍ॅप कोणाचे, ते कोठून आले आणि कशाची परवानगी मागते, हे आत घेण्यापूर्वीच विचारावे लागते. मंडईतला ग्राहकही पिशवीत टाकण्याआधीच पारख करतो.