स्वस्त डाकोटांचा खर्च

जुने विमान घेणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते ती त्याची किंमत. स्वातंत्र्याच्या आसपास भारतात ज्या खासगी हवाई कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांना या किमतीनेच फसवले असे माझे मत आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराची डाकोटा विमाने इथे शिल्लक राहिली. नव्या विमानाच्या मानाने ती फारच स्वस्तात मिळाली. टाटांच्या एअर इंडियापासून हैदराबादच्या डेक्कन एअरवेजपर्यंत अनेकांनी डाकोटांवर भिस्त ठेवली. पण सैनिक आणि सामान वाहणाऱ्या विमानात तिकीट काढलेला प्रवासी तसाच बसवता येत नाही. खुर्च्या बसवायच्या, इंजिने उघडून ओव्हरहॉल करायची, सांगाडा तपासायचा, नागरी नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळवायचा, हे सगळे आलेच. यातले बरेच काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने केले. तरी खर्च तिथे संपला नाही. सुटे भाग अमेरिकेचे, म्हणजे डॉलर हवेत. सप्टेंबर १९४९ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि साधारण ३.३० रुपयांना मिळणारा डॉलर ४.७६ रुपयांना पडू लागला. विमानाचे पैसे एकदा मोजून झाले होते. सुट्या भागांचे मात्र ते उडेल तोवर मोजायचे होते. पेट्रोलही आयातीचेच, आणि प्रवासी जेमतेम वीस-पंचवीस.

दोष विमानांचा नव्हे, परवाने वाटणाऱ्या मंडळाचा, असे यावर म्हटले जाते. जे. आर. डी. टाटांचा रोख याच मंडळावर होता. परवाने सढळ हाताने दिले गेले हे खरेच, आणि हवाई वाहतुकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९५० च्या न्यायमूर्ती राजाध्यक्ष समितीलाही कंपन्या गरजेपेक्षा जास्त वाटल्या. पण परवाना मागायला एवढी गर्दी झाली कशामुळे? थोड्या भांडवलात विमान हाती येत होते म्हणूनच ना? नव्या विमानाची किंमत मोजावी लागली असती, तर यातल्या कित्येकांनी अर्जही केला नसता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरच्या बचावासाठी शीख पलटण श्रीनगरला उतरली ती हवाई दलाच्या आणि याच कंपन्यांच्या डाकोटांतून. पुढे मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासच्या टपालाची अदलाबदल करणारी विमानेही सुरुवातीला डाकोटाच होती. देशाला ही विमाने हवी होती, यात शंकाच नाही. पण देशाची गरज भागली म्हणून कंपनीचा हिशेब जुळत नाही. मुंबईची अंबिका एअरलाइन्स १९५० उजाडण्याआधीच बंद पडली, आणि तगलेल्यांनाही सरकारला इंधनावर सवलत देऊन सावरावे लागले.

ऑगस्ट १९५३ मध्ये या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा सरकारी इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. खासगी मालकांनी स्वस्तात घेतलेल्या या ताफ्याचा भार आता सरकारी तिजोरीवर पडला. नव्या व्हायकाउंट विमानांसाठी १९५७ पर्यंत थांबावे लागले.