शिकारी कुत्री (तळटीप)

* मूळ मजकुरातली कुत्री अमेरिकेतली. आयडाहोत मॉरिस हॉर्नोकर यांनी १९६० च्या दशकात कुत्र्यांकरवी प्यूमा झाडावर चढवले आणि भूल देऊन अभ्यासले. नाशिककरांना हे उफराटे वाटेल. निफाड-सिन्नरच्या उसात कुत्रा म्हणजे बिबट्याचा घास. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या चमूने विष्ठा तपासली, तेव्हा बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला. इकडे माग काढतो तो जीपीएसचा पट्टा. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा बिबट्या पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो कसारा स्थानक ओलांडत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे चालत गेला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.