श्रीरामपूरचा झहीर : २००३ ची पहिली ओव्हर, २०११ चा पहिला स्पेल

२३ मार्च २००३. जोहान्सबर्गमध्ये वर्ल्ड कपची फायनल, समोर ऑस्ट्रेलिया. सौरव गांगुलीने टॉस जिंकून बॉलिंग घेतली आणि नवा चेंडू दिला झहीर खानच्या हातात. त्या पहिल्या ओव्हरमध्ये त्याला तब्बल १० चेंडू टाकावे लागले. वाईड, नो-बॉल धरून १५ धावा गेल्या. सामना तिथेच हातातून निसटायला लागला. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावा केल्या, भारत १२५ धावांनी हरला आणि झहीरच्या नावापुढे लागलं ७ ओव्हर, ६७ धावा, एकही विकेट नाही.

त्या स्पर्धेत त्याने १८ विकेट घेतल्या होत्या, भारताकडून सर्वात जास्त. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकच ओव्हर. झहीरचं मोठेपण समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

तालुक्याच्या गावातून

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. शाळा मराठी माध्यमाची. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेट गल्लोगल्ली चालतं, पण लेदर बॉलचं शिक्षण मिळायचं ते मोठ्या शहरातच. पोरगा अभ्यासात बरा होता, इंजिनिअरिंगचा विचार चालू होता. तो सोडून सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. मध्यमवर्गीय घरातून असा निर्णय घेणं आजही सोपं नाही, तेव्हा तर नव्हतंच.

मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला हाताखाली घेतलं. नाईक स्वतः भारताकडून खेळलेले आणि मुंबईला रणजी जिंकून देणारे कप्तान. तिथून टी. ए. शेखर यांच्यामुळे झहीर चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोहोचला. तिथे ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली वेगवान गोलंदाज घडवत होते. रणजी मात्र तो सुरुवातीला खेळला बडोद्याकडून. मुंबईकडून खेळायला त्याला २००६-०७ चा हंगाम उजाडला, आणि त्या वर्षीच्या रणजी फायनलमध्ये त्याने बंगालच्या ९ विकेट काढल्या.

भारताची टोपी मिळाली ऑक्टोबर २००० मध्ये, नैरोबीला. चौथ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाशी उपांत्यपूर्व सामना होता आणि त्याच दिवशी झहीर २२ वर्षांचा झाला. स्टीव्ह वॉचा त्रिफळा त्याने यॉर्करवर उडवला. डावखुरा, उंचपुरा आणि वेगवान असा बॉलर भारताला फार वर्षांनी मिळाला होता. पुढच्याच महिन्यात ढाक्याला बांगलादेशच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्याने कसोटी पदार्पण केलं.

वुस्टरचं वर्ष

जोहान्सबर्गनंतर दुखापतींनी पाठ धरली. २००३ च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या ५ विकेट काढल्या आणि तिथेच मांडीचा स्नायू दुखावला. कधी आत, कधी बाहेर असं चालू राहिलं. तोवर इरफान पठाण, आर. पी. सिंग, श्रीशांत अशी नवी पोरं आली. २००६ मध्ये तो संघाबाहेर होता.

त्या वर्षी तो इंग्लंडला वुस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. काउंटीत आठवड्यामागून आठवडा बॉलिंग करावी लागते, टाळ्या वाजवायला स्टेडियम भरलेलं नसतं. पण खरं काम तिथेच झालं. झहीरने रनअप कमी केला. वेग थोडा उतरला, पण अंगावरचा ताण कमी झाला आणि चेंडू हवा तिथे पडू लागला. हंगामात ७८ विकेट मिळाल्या. इसेक्सच्या एका डावात पहिले नऊच्या नऊ गडी त्यानेच बाद केले.

रिव्हर्स स्विंगमध्येही तो आता तयार झाला. चेंडू जुना झाला की त्याची एक बाजू खरबरीत होते, दुसरी घासून चकचकीत ठेवतात. चकाकी कुठल्या बाजूला आहे हे पाहून चांगला बॅट्समन चेंडू कुठे वळेल ते ओळखतो. झहीर धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडूच झाकून घ्यायचा, म्हणजे बॅट्समनला अंदाजच येत नसे. साधी गोष्ट वाटते, पण इंग्लंडच्या जेम्स अँडरसननेही ती झहीरकडूनच उचलली.

२००७ च्या इंग्लंड दौऱ्यात फळ दिसलं. ट्रेंट ब्रिजला झहीर बॅटिंगला आला तेव्हा कुणीतरी क्रीजवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या होत्या. झहीर भडकला, बॅट रोखून पीटरसनला जाब विचारला. मग दुसऱ्या डावात ५ विकेट, सामन्यात ९. भारताने सामना जिंकला आणि १९८६ नंतर पहिल्यांदाच इंग्लंडमध्ये कसोटी मालिकाही जिंकली.

२०११

घरच्या वर्ल्ड कपमध्ये त्याने २१ विकेट घेतल्या. पाकिस्तानचा आफ्रिदी आणि तो, दोघे सर्वाधिक विकेटचे मानकरी. बंगळुरूला इंग्लंड ३३९ चा पाठलाग करताना २ बाद २८० वर होतं, सामना गेल्यात जमा होता. झहीरने बेल आणि १५८ धावांवर खेळणारा स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर काढलं आणि सामना टाय झाला. बोटं मुडपून टाकलेला 'नकल बॉल' हे त्याचं नवं हत्यार. अहमदाबादला मायकल हसीचा त्रिफळा त्यावरच उडाला.

आणि २ एप्रिल, वानखेडे, फायनल. नवा चेंडू पुन्हा झहीरकडेच. या वेळी पहिल्या पाच ओव्हरमध्ये तीन निर्धाव, फक्त ६ धावा आणि थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हाती. शेवटच्या ओव्हरमध्ये त्याला मार पडला आणि आकडा २ बाद ६० असा दिसतो, पण तो पहिला स्पेल ज्यांनी पाहिला त्यांना आकडा सांगावा लागत नाही. त्या दिवशीची खेळपट्टी तयार केली होती वानखेडेचे क्युरेटर सुधीर नाईक यांनी, म्हणजे श्रीरामपूरच्या त्या पोराला हाताखाली घेणाऱ्या त्याच गुरूंनी.

पुढे अंगाने साथ सोडली. २०११ च्या लॉर्ड्स कसोटीत तो पहिल्याच दिवशी लंगडत बाहेर गेला. तो दौरा भारताने ४-० ने गमावला. झहीरविना बॉलिंग किती उघडी पडते हे तेव्हा कळलं.

९२ कसोटींत ३११ विकेट, २०० वन डेत भारताकडून २६९ आणि आशिया संघाच्या सामन्यांसह एकूण २८२. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२० मध्ये पद्मश्री. बॅटही अधूनमधून चालायची. २००४ मध्ये ढाक्याला अकराव्या नंबरवर येऊन त्याने ७५ केल्या, समोर सचिन होता २४८ वर नाबाद.

शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅक्युलमने त्रिशतक ठोकलं, भारताचे बॉलर दोन दिवसांहून जास्त राबले. ३५ वर्षांच्या झहीरने त्या एका डावात ५१ ओव्हर टाकल्या, १७० धावांत ५ विकेट घेतल्या, आणि ३०२ वर मॅक्युलमलाही त्यानेच धोनीच्या हाती झेल देऊन परत पाठवलं. त्यानंतर तो भारताकडून खेळला नाही. १५ ऑक्टोबर २०१५ ला त्याने निवृत्ती जाहीर केली.