मुरुमांवरील संयुक्त प्रकाशोपचार

मुरुमांवरील संयुक्त प्रकाशोपचार म्हणजे मुरूम (तारुण्यपीटिका) या त्वचाविकारावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आणि त्वचेवर लावण्याची औषधे यांचा एकत्रित किंवा क्रमाने केलेला वापर होय. सौम्य व मध्यम मुरुमांत मलमे हाच उपचाराचा पाया असून प्रकाश हा पूरक उपाय मानला जातो.

विकाराचे स्वरूप

पौगंडावस्थेत संप्रेरकांमुळे तैलग्रंथींचा स्राव वाढतो. मृत पेशी साचून केशपुटकाचे तोंड बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जीवाणू वाढतात आणि दाह होतो. दाह खोलवर गेल्यास कायमचे व्रण राहतात. सावळ्या त्वचेवर मुरूम बरा झाल्यावरही काळसर डाग अनेक महिने टिकतात.

प्रकाशाचे कार्य

त्वचारोगांवरील आधुनिक प्रकाशोपचाराचा पाया डॅनिश वैद्यक नील्स फिन्सेन यांनी घातला. त्वचेच्या क्षयरोगावरील या कार्यासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात बावचीचे बी लावून अंग उन्हात धरण्याचा कोडावरील जुना उपचारही औषध व प्रकाश यांच्या संयोगाचाच आहे.

मुरुमांतील जीवाणू पॉर्फिरिन नावाची संयुगे तयार करतात. सुमारे ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश ती शोषतात. त्यातून क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होऊन जीवाणू मरतात. लाल प्रकाश पॉर्फिरिन कमी शोषतात, परंतु तो त्वचेत अधिक खोल जातो व दाह कमी करण्यास मदत करतो.

औषधांशी सांगड

औषध दोन प्रकारे जोडले जाते.

पहिल्या प्रकारात बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलीन यांसारखी नेहमीची मलमे चालू ठेवून प्रकाशाची सत्रे दिली जातात. ॲडापॅलीन केशपुटकाचे तोंड मोकळे ठेवते, तर बेंझॉइल पेरॉक्साइड जीवाणूंचा नाश करते. ट्रेटिनॉइन मात्र प्रकाशात विघटन पावते आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या सान्निध्यात हे विघटन वाढते. म्हणून ते रात्री व स्वतंत्रपणे लावतात. ॲडापॅलीन या बाबतीत स्थिर असते.

दुसऱ्या प्रकारास प्रकाशगतिक उपचार म्हणतात. यात अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल त्वचेवर लावतात. त्वचेत त्याचे प्रकाशसंवेदी पॉर्फिरिनमध्ये रूपांतर झाल्यावर प्रकाश सोडला जातो. परिणाम तीव्र असतो, तसेच वेदना, लाली व डाग यांची शक्यताही वाढते. उपचारानंतर सुमारे दोन दिवस ऊन टाळावे लागते.

पुरावा

२००० साली ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निळ्या व लाल प्रकाशाच्या एकत्रित वापराने १२ आठवड्यांत दाहयुक्त मुरूम सरासरी ७६ टक्क्यांनी सुधारले. परंतु २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ७१ चाचण्या व ४,२११ सहभागी तपासूनही बहुतांश पुरावा कमी दर्जाचा ठरला. अमेरिकन त्वचारोग अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत बेंझॉइल पेरॉक्साइड व रेटिनॉइड मलमांची ठाम शिफारस आहे. याउलट ०.३ टक्के ॲडापॅलीनला शोषणयुक्त विस्तृतपट्टा प्रकाशाची जोड देऊ नये, अशी सशर्त शिफारस आहे. प्रकाश जोडला म्हणजे लाभ वाढतोच असे नाही, असा याचा अर्थ.

दक्षता

निळा प्रकाश अतिनील नसला तरी सावळ्या त्वचेत तो रंगद्रव्य वाढवू शकतो. त्यामुळे भारतीय रुग्णांत तीव्रता व कालावधी बेताने ठरवावा लागतो. डॉक्सिसायक्लीन घेणाऱ्यांची त्वचा प्रकाशास अधिक संवेदनशील होते. गर्भावस्थेत रेटिनॉइड मलमे टाळतात. सत्रांदरम्यान डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो.

ग्रामीण भागातील उपयुक्तता

निळ्या प्रकाशाची सत्रे सहसा आठवड्यातून दोनदा, चार आठवडे दिली जातात. म्हणजे एकूण आठ फेऱ्या. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे, तर पोलादपूर त्याही पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे. अशा भागातील विद्यार्थ्याला उपचारकेंद्र दूरच्या शहरात असल्यास प्रवासखर्च व बुडणारे दिवस यांचा भार उपचाराहून जड होऊ शकतो. तेथील दमट हवा व घाम यांमुळे मुरूम वाढू शकतात, आणि शेतात काम करणाऱ्यांना उन्हापासून दूर राहणे कठीण जाते. म्हणून अशा ठिकाणी नियमित लावलेली मलमे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. त्यांचा परिणाम दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागतात.

या काळात धीर सुटल्यास सल्ल्याविना स्टेरॉइडमिश्रित मलमे लावली जातात. त्यांनी चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम अधिक उग्र रूपात परततात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एच मध्ये आणून त्यांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशी बांधली.