बाजूचा दरवाजा : अमेरिकी महाविद्यालयांतील खेळाडूभरती आणि तिचे मध्यस्थ

अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांमधला पहिला क्रीडासामना एका रेल्वे कंपनीच्या पैशांवर झाला. ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्या वल्हेकऱ्यांची शर्यत लागली आणि हार्वर्ड जिंकले. खेळाडूंच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च रेल्वेने उचलला होता, कारण त्या भागाकडे प्रवासी वळावेत अशी तिची इच्छा होती. तीन वर्षांनी पुन्हा शर्यत झाली, तेव्हा हार्वर्डच्या नावेचे सुकाणू धरणारा गडी आधीच पदवी घेऊन बाहेर पडलेला होता. म्हणजे महाविद्यालयीन खेळात बाहेरचा पैसा आला तो पहिल्याच सामन्यात, आणि ‘हा खरोखर विद्यार्थी आहे का?’ हा प्रश्न आला दुसऱ्या सामन्यात.

हा इतिहास आज आठवायला कारण आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि मुंबई-पुण्यात स्क्वॉश, टेनिस, पोहणे यांत चमकणाऱ्या मुलांचे पालक यांच्याकडून अलीकडे एकच प्रश्न कानावर येतो. मुलाला खेळाच्या बळावर तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळवायचा, तर पैसे देऊन सल्लागार नेमावा का? मी कुठल्या विद्यापीठात शिकवत नाही आणि सल्लागारही नाही. खेळांच्या सामाजिक इतिहासाची कागदपत्रे वाचण्याचा नाद गेली वीस-बावीस वर्षे लागलेला माणूस आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी इतिहासाच्या बाजूनेच पाहू शकतो. आणि इतिहासाला विचारले, तर तो प्रथम उलटा प्रश्न करतो : या व्यवहारात पैसे कोण कोणाला देत होते, आणि आज कोण देते?

प्रारंभी पैसे कॉलेजकडून खेळाडूकडे जात. १९०५ साली हेन्री बीच नीडहॅम या पत्रकाराने ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात येलचा फुटबॉल कर्णधार जेम्स होगन याची हकिगत छापली. होगनचे वय पंचविशीच्या पुढे गेलेले. त्याची फी माफ होती, राहायला व्हँडरबिल्ट हॉलमध्ये प्रशस्त खोल्या होत्या, क्यूबाची सहल झाली होती, आणि विद्यापीठाच्या आवारात एका तंबाखू कंपनीच्या सिगारेटी विकण्याची एजन्सीही त्याच्याकडे होती. त्याच वर्षी फुटबॉलच्या मैदानावरील मृत्यूंमुळे देशात गदारोळ उठला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, आणि १९०६ मध्ये एक आंतरमहाविद्यालयीन संघटना उभी राहिली. १९१० पासून ती ‘एनसीएए’ या नावाने ओळखली जाते.

संघटना आली म्हणून व्यवहार थांबला नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच महिन्यात, कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल प्रसिद्ध झाला. हॉवर्ड सॅव्हेज आणि त्यांचे सहकारी शंभराहून अधिक शिक्षणसंस्थांत जाऊन आले होते. बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना कुठल्या ना कुठल्या रूपात पैसा पोचत होता. त्यांना हेरून आणणारी यंत्रणाही होती. प्रशिक्षक, माजी विद्यार्थी, गावातले व्यापारी असे सगळेच त्या कामाला जुंपलेले. हे त्या काळचे मध्यस्थ. पण ते कॉलेजचे मध्यस्थ होते. खेळाडूच्या बापाला त्यांना काही द्यावे लागत नसे, उलट त्याच्याच दारात लोक येत.

हे बंद करण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न १९४८ मध्ये झाला. ‘सॅनिटी कोड’ नावाच्या नियमावलीने मदतीला गरजेची आणि फीची मर्यादा घातली. १९५० साली नियम मोडणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव मतास आला, पण दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि पुढच्याच वर्षी नियमावली गुंडाळली गेली. १९५६ मध्ये एनसीएएने आर्थिक गरज न पाहता, केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला परवानगी दिली. हार्वर्ड-येलसारख्या आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने मात्र १९५४ च्या करारानुसार क्रीडा शिष्यवृत्ती नाकारली आणि आजही ती दिली जात नाही.

माझ्या मते खरा पालट यानंतरचा आहे. साठच्या दशकात हॉवर्ड गारफिंकल यांनी शालेय बास्केटबॉलपटूंच्या मूल्यमापनाचे अहवाल काढायला सुरुवात केली. त्या अहवालांचे गिऱ्हाईक होते कॉलेजांचे प्रशिक्षक. पुढे व्हिडिओ आला, संगणक आला, १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे मुलींच्या खेळांचे संघ वाढले, आणि हीच माहिती उलट दिशेने विकता येते हे व्यवसायाच्या लक्षात आले. पूर्वी प्रशिक्षक खेळाडूची माहिती विकत घेत असे, आता खेळाडूचे आईबाप प्रशिक्षकाचे लक्ष विकत घेऊ लागले. शिकार तीच राहिली, पण खर्च सावजाच्या घरावर आला.

घरच्यांनी हा खर्च का स्वीकारला, हे आकड्यांत दिसते. अमेरिकेत शाळांमधून खेळणाऱ्यांची संख्या ८० लाखांच्या घरात आहे, तर एनसीएएच्या महाविद्यालयांतून खेळणारे साधारण पाच लाखांवर. क्रीडा शिष्यवृत्ती मिळते ती शालेय खेळाडूंपैकी सुमारे २ टक्क्यांना. केवळ शिष्यवृत्तीचा हिशेब केला, तर हा सौदा बुडीतच आहे. पण आयव्ही लीगमध्ये शिष्यवृत्ती नसली तरी प्रवेश आहे. हार्वर्डवरील गाजलेल्या प्रवेशखटल्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार, प्रशिक्षकांनी निवडलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. बाकीच्यांत ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. प्रशिक्षकाच्या यादीतली एक ओळ इतकी मोलाची असेल, तर तिच्याभोवती बाजार बसणारच.

त्या बाजाराचा शेवट कुठे होऊ शकतो ते १२ मार्च २०१९ रोजी दिसले. बोस्टनच्या सरकारी वकिलांनी ५० जणांवर आरोप ठेवले. केंद्रस्थानी होता विल्यम ‘रिक’ सिंगर. हा पूर्वी बास्केटबॉलचा प्रशिक्षक, पुढे प्रवेशाचा सल्लागार, आणि त्याचा सरळ मार्गाचा व्यवसायही होता. पालकांना तो सांगे की पुढचा दरवाजा म्हणजे स्वतःच्या गुणांवर प्रवेश, मागचा दरवाजा म्हणजे विद्यापीठाला भली मोठी देणगी, आणि आपण बाजूचा दरवाजा तयार केला आहे. या दरवाजाच्या वाटेने त्याने अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. येलच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने लाच घेऊन, न खेळणाऱ्या मुलीला खेळाडू म्हणून यादीत घातले. एका अभिनेत्रीच्या दोन मुलींचे व्यायामाच्या वल्हेयंत्रावर फोटो काढून त्यांना नौकानयनपटू ठरवले गेले. स्टॅनफर्डच्या शिडनौका प्रशिक्षकाने मात्र पैसे स्वतःकडे न ठेवता संघाच्या खात्यात भरले होते. त्याला एका दिवसाची, आधीच भोगलेली मानली गेलेली शिक्षा झाली. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली. या साऱ्यात ज्या मुलामुलींच्या जागा गेल्या, त्यांची नावे कुठल्याच आरोपपत्रात नाहीत. पहाटे चारला उठून वल्ही मारणारी कुणी मुलगी आपण कमी पडलो असे समजून गप्प बसली असेल. मला या प्रकरणातली सर्वांत जड गोष्ट तीच वाटते.

सल्लागार म्हणजे सिंगर, असे मात्र मी म्हणणार नाही. बहुतेक सल्लागार कष्टाचे, कायदेशीर काम करतात. झेपतील अशा कॉलेजांची यादी करणे, खेळाची चित्रफीत नीट कापून देणे, पहिल्या विभागात खेळण्यासाठी लागणारे १६ मूलभूत विषय शाळेत वेळेवर घेतले जात आहेत ना हे पाहणे, असे ते काम. ज्या घरात कुणी कधी अमेरिकी कॉलेज पाहिलेले नाही, तिथे त्याची किंमत आहे. पण एनसीएएच्या नियमातले एक कलम प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. खेळाडूची माहिती कॉलेजांकडे पाठवणाऱ्याला फी देता येते, मात्र ती फी आर्थिक मदतीसह प्रवेश मिळवून देण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. तसे केले, तर खेळाडूची पात्रताच धोक्यात येते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर मजुरी चालते, अडत चालत नाही. शंभर वर्षांच्या भानगडींतून निघालेले हे शहाणपण आहे.

या धंद्याचा आणखी एक आधार म्हणजे शांतता. नियमानुसार प्रशिक्षक बऱ्याच खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत, काहींत अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत विद्यार्थ्याशी स्वतःहून भरतीबद्दल बोलू शकत नाही. विद्यार्थ्याने पत्र लिहायला मात्र आडकाठी नसते. उत्तर आले नाही की पालक धास्तावतात, आणि त्या धास्तीवर हजारो डॉलरांचे करार होतात. पुष्कळदा त्या मौनाचा अर्थ नकार नसून केवळ दिनदर्शिका असतो.

मुंबईचा सिद्धार्थ सुचडे हार्वर्डकडून स्क्वॉश खेळला, वीर चोत्रानी कॉर्नेलकडून. कनेक्टिकटच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ दरम्यान सलग २५२ सामने जिंकले, त्या संघांतही भारतातून गेलेली मुले होती. अशा खेळाडूंचे निकाल आणि क्रमवारी प्रशिक्षकांसमोर उघडी असते. ती वाचायला मध्यस्थ लागत नाही, आणि ती नसेल तर मध्यस्थ ती निर्माण करू शकत नाही. त्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आणि त्यात सामील होणाऱ्या कॉलेजांच्या संघांतील संख्येवर मर्यादा आली. अनेक संघांत शाळेतून येणाऱ्याची जागा आक्रसणार आहे, आणि सल्लागारांच्या जाहिराती वाढणार आहेत.

म्हणून विचारणाऱ्यांना मी इतकेच सांगतो. सल्लागार नेमायचा तर तासांचे आणि कामाचे पैसे द्या, ते कागदावर घ्या, आणि त्याला दुसऱ्या कुणाकडून काही मिळते का हे तोंडावर विचारा. प्रशिक्षकाला जाणारे पत्र मुलाने स्वतः, स्वतःच्या इंग्रजीत लिहावे. आणि कुणी खात्रीने प्रवेश मिळवून देतो म्हणाला, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा. सिंगरही गिऱ्हाइकांना खात्रीच देत होता.